दोन नंबरच्या बोटीचा आवाज

हिंगणा एमआयडीसी, नागपूर
मंगळवार, २७ जानेवारी २०२६

चि. हर्षा,

साडेचार वर्षांनी लिहितो आहे. कागदावर लिहितो, कारण तुझ्या फोनमध्ये माझा नंबर बंद आहे. तक्रार नाही. तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, आणि वर चार लोकांना सांगितलंही असतं.

इकडे सर्व ठीक. तुझ्या आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, बाकी आवाज खणखणीत आहे. आपल्या मोटरींच्या शेडमध्ये आता अठरा माणसं आहेत. बाबनराव अजून तसेच. सकाळी सातला सगळ्यांच्या आधी हजर, आणि मग दिवसभर कोण कुठं चुकला ते सांगत फिरणं. फोरमन म्हणून त्यांना ठेवलं की ते मला ठेवून आहेत, हे तीस वर्षांत ठरलेलं नाही.

तुमच्या बेटावरच्या प्रकल्पाची वेबसाइट मी पाहतो. हे तुला माहीत नसेल. तुझा व्हिडिओ बाबनरावांनाही दाखवला. त्यात तू सांगतेस की वरून ड्रोन पोवळ्यांच्या खडकाचे फोटो घेतं, खाली माणसाविना चालणाऱ्या तीन पिवळ्या बोटी आखलेल्या रेघांवर फिरतात, आणि मग कॉम्प्युटरची अक्कल ते लाखभर फोटो पाहून सांगते की कोणतं पोवळं जितं आहे आणि कोणतं गरम पाण्यानं पांढरं पडलं. बाबनराव म्हणाले, “पोवळं म्हंजे अंगठीतलं ना? ते जितं राह्यते काय?” मी म्हटलं, राह्यते, गाव असते त्याचं पाण्याखाली.

मला मात्र फोटोंपेक्षा आवाज आवडतात. बोटीखाली सोडलेल्या माइकचं रेकॉर्डिंग तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसाठी ठेवता. सुरुवातीला तू बोलतेस: तारीख, बोट क्रमांक, ठिकाण. मग माइक पाण्यात जातो आणि खडक तडतडायला लागतो, गरम वाळूत ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा. जिवंत खडक असाच बोलतो म्हणे, मेला की गप्प होतो. मी ते चहासोबत ऐकतो. पंधराव्या वर्षी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात हे कान तयार झाले, त्यांना रोज काहीतरी लागतंच.

सहज दोन गोष्टी विचारतो. दोन नंबरच्या बोटीच्या मोटरी शेवटच्या कधी उघडल्या होत्या? आणि तुम्ही पाण्यात उतरता तेव्हा तुमचा नावाडी, तो व्हिडिओतला कोया, त्याची बोट घेऊन सोबत असतो ना? डिसेंबरात त्याचं डिझेल इंजिन लांबून ऐकू यायचं. दहा-बारा दिवस झाले, येत नाही.

घाबरण्यासारखं काही नाही. माझी जुनी खोड आहे.

तुझा बाबा

*

रविवार, १ फेब्रुवारी

हर्षा,

मंगळवारचं पत्र अजून ड्रॉवरमध्येच आहे. पाकिटावर पत्ता लिहिला, तिकीट लावलं, आणि मग वाटलं की बेटावर टपाल बोटीनं जातं, पंधरा दिवस लागतील, तोवर आवाज आपोआप बसेल. कधीकधी बसतो. नव्या मोटरी सुरुवातीला थोडं बोलतात.

आज आईशी तुझा रविवारचा फोन झाला. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा होतो, दर रविवारी असतो. तिला ठाऊक आहे, म्हणून ती तुझं बोलणं पुन्हा मोठ्यानं म्हणते: “अस्सं, कोया डोळ्याच्या ऑपरेशनले कोचीले गेला म्हणतं.” मी मागून खूण केली की विचार, मग सोबत कोण जाते. तिनं विचारलं. तू काय म्हणालीस ते तिनं मोठ्यानं म्हटलं नाही, फोन ठेवल्यावर सांगितलं. दुसरा नावाडी मिळत नाही. पण काळजी नाही, पिवळ्या बोटीला धरूनच जातो-येतो, ती वर उभी राहते, आम्ही जिथं जाऊ तिथं ती डोक्यावर येते, माणसापेक्षा इमानदार आहे.

कोणती बोट, मी विचारलं. आई म्हणाली, मले काय माहीत, बोट ते बोट.

मला माहीत आहे. बाहेरच्या धारेवर, जिथं खडक संपतो आणि समुद्र एकदम खोल होतो, तिथं दोन नंबरची बोट जाते. तू रोज स्वतःच्या तोंडानं सांगतेस. मशीननं सांगितलेलं खरं की खोटं ते डोळ्यांनी पाहायला तू आणि तुझे दोन सोबती, तुम्ही तिघं तिथंच उतरता. आणि तिथला प्रवाह पश्चिमेला ओढतो, हेही तूच व्हिडिओत सांगितलं आहे.

आता मी ऐकतो ते लिहितो. डाव्या बाजूच्या मोटरीत घरघर आहे. मंगळवारी ती वेग वाढला की यायची आणि जायची. शुक्रवारी जात नव्हती. आजच्या, म्हणजे कालच्या, रेकॉर्डिंगमध्ये तिच्या आत एक बारीक खरखर आहे, दातात वाळू आल्यासारखी. हा बेअरिंगला पाणी लागल्याचा आवाज आहे. विहिरीतल्या मोटरीत तो आला की मी शेतकऱ्याला सांगायचो, आजच वर काढा.

एक मोटर बसली तर बोट जागेवर थांबू शकत नाही. जोडीतला एक बैल बसला की दुसरा गोल फिरतो. ती फिरत फिरत वाहून जाईल, आणि तुम्ही खालून वर याल तेव्हा डोक्यावर काही नसेल.

मी रोज सकाळी कालचं ऐकतो. आवाज संपेपर्यंत चहाला हात लागत नाही. शेवटी तुझा आवाज येतो, “फेरी संपली.” मग मी श्वास सोडतो. मग आठवतं की ही कालची फेरी होती.

ती मोटर आतून कशी आहे हे मला चांगलं माहीत आहे. कसं माहीत, ते पुढच्या पत्रात लिहितो.

बाबा

*

गुरुवार, ५ फेब्रुवारी

हर्षा,

त्या मोटरी माझ्या आहेत.

तिन्ही बोटींच्या सहाही. पुण्याची कंपनी बोटी बनवते, मोटरी इथं हिंगण्यात झाल्या. दीड वर्षापूर्वी त्यांचा इंजिनिअर श्रीधर पाण्याखालच्या मोटरी कोण करून देईल ते शोधत नागपूरला आला होता. त्याच्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तुझ्या प्रकल्पाचं नाव होतं. मी म्हटलं, करतो. आयुष्यभर गोड्या पाण्यातल्या मोटरी केलेला माणूस, समुद्र कधी पायाला लागलेला नाही, आणि म्हटलं करतो. रात्रंदिवस शिकलो. मिठाच्या पाण्याच्या टाकीत दोन-दोन महिने मोटरी चालवल्या. श्रीधरला एकच अट घातली की त्यांच्यावर आमच्या नावाची पट्टी नको. त्याला वाटलं मी साधा माणूस आहे.

नाव दिसलं असतं तर तू त्या उपटून फेकल्या असत्या. माझी मोटर आणि तुझा समुद्र. मला कळतं ते.

साडेचार वर्षांपूर्वीचं मी विसरलेलो नाही. पावसाच्या आडोशानं आपल्या प्लेटिंगच्या टाकीचं रसायनाचं पाणी नाल्यात सोडलं जायचं. तू ते पाहिलं. एक महिना मला सांगत होतीस, बाबा, तुम्ही स्वतः जाऊन सांगा, स्वतः सांगितलं तर वेगळं असतं. मी हसण्यावारी नेलं. मग तू प्रदूषणवाल्यांकडं अर्ज केलास. शेड चार महिने बंद राहिली, आणि मी गेटवर, सगळ्या माणसांसमोर, तुला जे बोललो ते इथं लिहीत नाही. तुलाही पाठ असेल.

आता मोटरीचं. बाहेरच्या शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, पाणी अडवायला जे रबराचं सील असतं, ते खाऱ्या पाण्याला टिकणारं खास काळं रबर आहे. पुरवठादारानं बजावून सांगितलं होतं की त्याला तेल, तूप, साधं ग्रीस काही लागू देऊ नका, फुगतं. ऑगस्टात सहाही मोटरी बाकावर होत्या आणि पोळा आला. तुला आठवतं ना, आपल्या शेडमध्ये पोळ्याच्या आदल्या दिवशी काय होतं. गावाकडं बैलाची खांदमळणी करतात तशी आपली माणसं मोटरींच्या शाफ्टला तूप-हळद चोळतात आणि म्हणतात, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” ते बाबनरावांनी सुरू केलं आहे. त्यांना कोण थांबवणार. मला वाटतं तूप सीलात गेलं असावं.

मी काल श्रीधरला फोन केला. त्याला एवढंच म्हटलं की दोन नंबरच्या बोटीतून मला आवाज येतो. तो फार सभ्य माणूस आहे. म्हणाला, “मधुकरराव, डॅशबोर्डवर सगळं हिरवं आहे. करंट थोडा जास्त घेते आहे, पण मर्यादेत आहे.” मी म्हटलं, तुमची ती अक्कल आवाज ऐकते ना? तो म्हणाला, ऐकते, पण खडकाचा. मोटरीचा आवाज तिच्या कामाचा नाही, म्हणून तो आधीच गाळून टाकतात.

म्हणजे पाहा, कॉम्प्युटर ऐकून राहिला आणि जे ऐकायचं तेच फेकून राहिला. मूळ रेकॉर्डिंग ऐकणारा जगात मी एकटा असीन.

“तुम्हाला दोष माहीत असेल तर लिहून द्या,” श्रीधर म्हणाला. “बनवणाऱ्याचं पत्र आलं की मी त्याच दिवशी बोटी थांबवतो. नुसत्या आवाजावर उन्हाळ्याआधीची मोजणी थांबवता येणार नाही. हर्षा मॅडम मला उभं करणार नाहीत.”

मी म्हटलं, पाहतो.

बाबा

*

सोमवार, ९ फेब्रुवारी

हर्षा,

गुरुवारी लिहिलं त्यात एक गोष्ट खोटी होती.

त्या लॉटमध्ये सातवी मोटरही केली होती, जास्तीची, कपाटात ठेवलेली. तिलाही त्या दिवशी तूप लागलं होतं. आज सकाळी मी आणि बाबनराव ती उघडायला बसलो. बाकीच्यांना मी कँटीनला पाठवलं. सील काढलं, तर त्याची कड भिजवलेल्या चण्यासारखी फुगलेली. नखानं दाबलं तर नख रुतलं. ही मोटर पाण्यात गेलेलीसुद्धा नाही, नुसती कपाटात होती. तुझ्याकडच्या सहा तीन महिने समुद्रात आहेत.

बाबनरावांनी सील माझ्या हातातून घेतलं, उजेडात धरलं, नाकाशी नेलं. मी म्हणालो, “बाबनराव, तुमची ही खांदमळणी एक दिवस जीव घेईन.”

त्यांनी सील बाकावर ठेवलं. मग चष्मा काढून मला म्हणाले, “भाऊ, मी लावतो ते बाहेरच्या लोखंडाले, कापसाच्या बोळ्यानं, नावाले. या सातीले मी हातच नाई लावला. मी म्हटलं होतं तुमाले, याचं रबर वेगळं हाये, राहू द्या. तुमी वाटी माह्या हातातून घेतली.”

खरं आहे. घेतली. बाकी मोटरींना बाबनराव शास्त्रापुरतं बोट लावतात. या सातींना मी पाटावर बसून, बाह्या वर करून, बैलाचा खांदा चोळावा तसं चोळलं, पार सीलापर्यंत. घरचं तूप होतं, तुझ्या आईनं कढवलेलं. पुरवठादाराचं बोलणं मला पाठ होतं. पण त्या तुझ्याकडं जाणार होत्या. तुझ्याशी बोलायचं दुसरं साधन माझ्याजवळ नव्हतं. मी मनात म्हटलं, तूप काय करते, तुपानं कोणाचं वाईट झालं.

बाबनराव म्हणाले, “लिहून द्या.”

मी म्हटलं, लिहून दिलं तर बातमी सगळीकडं होईन. खास सागरी मोटर म्हणून दिली आणि आत तूप. उद्या विहिरीच्या मोटरीही कोणी घेणार नाही. आणि तिले कळन का मोटर माही हाये.

“मंग कळू द्या ना. पोट्टी पाण्यात हाये, तुमी नावाचं धरून बसले.”

मी कागद काढला आहे. मजकूरही जुळवला. सातवी मोटर उघडली, सीलात दोष सापडला, सहाही मोटरी ताबडतोब बंद ठेवाव्यात, चूक आमची. चार ओळी आहेत. उद्या सकाळी पाठवतो.

कालचं रेकॉर्डिंग ऐकलं. खरखर आता खडकाच्या लाह्यांवर चढते. तुझा शेवटचा आवाज यायला आज नेहमीपेक्षा उशीर लागला, मी घड्याळ लावून पाहिलं, दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत मी देवाचं नाव घ्यायला गेलो तर एकही आठवेना.

बाबा

*

बुधवार, ११ फेब्रुवारी

सकाळी ११.१०

हर्षा, श्रीधरला काल सकाळी पाठवायचं होतं ते पत्र मी काल संध्याकाळी पाच वाजता पाठवलं.

काल सकाळी सोमवारचं रेकॉर्डिंग ऐकलं तर आवाज बरा होता. घरघर जवळजवळ नव्हती. मी ताडकन उठून बसलो, म्हटलं, बसली का काय आपोआप. दिवसभर तेच धरून बसलो. चाळीस वर्षं हेच काम केलेला माणूस मी. मोडायच्या आधी बेअरिंग एखादा दिवस गप्प होतं, पाणी आत भरलं की आवाज बुडतो, हे मी पोरांना शिकवतो. चार वाजता बाबनराव केबिनमध्ये आले, खुर्ची ओढून समोर बसले आणि उठले नाहीत. पाच वाजता मी पाठवलं.

श्रीधरनं आज सकाळी वाचलं. त्यानं लगेच बेटावर फोन लावला. साडेदहाला लागला. ड्रोन उडवणारी तुमची पोरगी आहे, रुचिका, तिनं उचलला. म्हणाली, मॅडम नऊ वाजता दोन नंबरसोबत गेल्या.

दुपारी १२.४०

श्रीधर म्हणतो, दोन नंबरची बोट नकाशावर दिसते आहे, पण रेघ सोडून. गोल गोल जाते आहे. मी विचारलं, तिघं? तो म्हणाला, त्यांच्या अंगावर खूण पाठवणारं यंत्र नाही, ते बोटीशी जोडलेलं असतं.

शेड चालू आहे. सगळी मशीनं चालू आहेत आणि मला एकही ऐकू येत नाही.

दुपारी १.३०

आईला फोन करून बोलावून घेतलं. ऑटोनं आली. तिला सगळं सांगितलं, मोटरीपासून. ती केबिनच्या दारातच उभी राहिली. “तुमच्या मोटरी,” एवढंच म्हणाली. “पोरीच्या डोक्यावर. आणि मी तिले म्हणत होती का बोट हाये ना वरतं.” मग ती आत आली नाही, बाहेर पोरांच्या बाकावर जाऊन बसली. बाबनराव तिच्याजवळ पाणी घेऊन गेले. माझ्याकडं कोणी आलं नाही.

दुपारी २.०५

श्रीधर पंधरा मिनिटांनी फोन करतो म्हणाला होता. पंचवीस झाली.

अंगावर जाकीट असतं ना? हवा भरून तरंगता येतं, हे मी व्हिडिओत पाहिलं आहे. पाणी गरम आहे. पण ऊन. आणि पश्चिमेला काहीही नाही, मी नकाशा काढून पाहिला, बोट ठेवून पाहिलं, पार आफ्रिकेपर्यंत काही नाही.

मी पत्र काल सकाळी पाठवलं असतं तर आज तुम्ही किनाऱ्यावर असता. हे लिहून ठेवतो, म्हणजे नंतर मी ते वेगळं सांगणार नाही.

दुपारी ३.२०

सापडली. तिघंही. श्रीधर रडत होता, त्याचं अर्धं ऐकू आलं नाही. जिवंत आहेत म्हणाला, मी तीनदा विचारलं.

*

सोमवार, १६ फेब्रुवारी २०२६

हर्षा,

हे पत्र बाबनरावांच्या हाती देतो आहे. हे सगळ्यात वर ठेवलं आहे, म्हणून तू आधी हेच वाचशील.

गुरुवारी तुझा फोन आला तेव्हा मी शेडमध्ये होतो. अनोळखी नंबर. तू म्हणालीस, “बाबा, मी आहे.” आवाज मिठानं सोललेला होता. पुढं तू अहवाल द्यावा तसं सांगत गेलीस. अठ्ठेचाळीस मिनिटांनी वर आलात, बोट नव्हती. तिघांनी जाकिटाच्या पट्ट्या एकमेकांना बांधल्या. चार तास लाटांत होतात. रुचिकानं बॅटऱ्या बदलून बदलून सहा वेळा ड्रोन उडवलं, आणि पांढऱ्या पोवळ्यावर खूण करायला शिकवलेल्या त्या अकलेनं शेवटी पाण्यावरच्या तीन ठिपक्यांवर खूण केली. मग रुचिकानं जवळच्या मासेमारांना दिशा दिली. तू श्वास घेत होतीस ते मी ऐकत होतो. डाव्या बाजूला थोडी घरघर आहे तुझ्या छातीत, पाणी गेलं असेल, डॉक्टरला दाखव.

मग तू मोटरीचं बोललीस. किनाऱ्यावर आणून उघडली, सील फुगलेलं, बेअरिंग गंजून एक झालेलं. “उन्हाळ्याआधीची मोजणी गेली, बाबा,” तू म्हणालीस. “पुढच्या महिन्यापासून पाणी तापेल. आधी काय होतं याचाच पुरावा नसेल, तर नंतर काय मेलं ते सांगणार कसं?”

तू मला यायला नको म्हणालीस, बाबनकाकांना पाठवा म्हणालीस. ते बरोबर आहे. ते नवी चौदा सीलं घेऊन येत आहेत, सहा मोटरींना दोन-दोन आणि दोन जास्तीची. सगळी त्यांनी कोरड्या हातानं मोजून पिशवीत भरली, मला लावू दिला नाही हात. ते पहिल्यांदा विमानात बसत आहेत. मला विचारत होते, वरून खालचा माणूस दिसते काय. त्यांना पोहता येत नाही, किनाऱ्यावरच काम करू दे. जेवायचे त्यांचे हाल होतील, म्हणून आईनं भाकरी, जवसाची चटणी आणि तुझ्यासाठी मुगाच्या वड्या दिल्या आहेत. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. तुझ्याशी बोलेल ते बोलू दे, मी दाराशी उभा राहणार नाही.

बोटी सुरू झाल्या तर तीन आठवडे आहेत म्हणे तुमच्याकडं. सगळं नाही, पण बाहेरच्या धारेची मोजणी होईल असं श्रीधर म्हणाला. कोया येईपर्यंत उतरू नको. हे सांगायचा हक्क मला नाही, तरी सांगतो. मोटरींवर लावायला आमच्या नावाच्या पट्ट्याही बाबनरावांजवळ दिल्या आहेत. आपल्या बाकीच्या गिऱ्हाइकांनाही मी तो चार ओळींचा कागद पाठवला. दोघांनी माल परत पाठवला. पाठवू दे.

आता शेवटचं. फोन ठेवायच्या आधी तू विचारलंस, “तुम्हाला कधी कळलं?”

मी म्हणालो, सोमवारी. सातवी मोटर उघडली तेव्हा.

तू म्हणालीस, “बरं.” मला ते बरं ओळखीचं आहे. साडेचार वर्षांपूर्वी मी टाकीचं पाणी नाल्यात जात नाही असं म्हणालो होतो तेव्हाही तू असंच बरं म्हणाली होतीस, आणि महिनाभरानं अर्ज केलास.

यावेळी तुला अर्ज करावा लागू नये. या पत्राखाली पाच पत्रं आहेत. एकही पोस्टात टाकलं नव्हतं, एकही शब्द नंतर बदललेला नाही. तारखेनं लावली आहेत. पहिलं सत्तावीस जानेवारीचं आहे.

बाबा